पीयूसीवाल्यानं एकदा हॉर्नही वाजवून पाहावा

मा. नितीनजी गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री

सप्रेम नमस्कार.

तक्रारीआधी कबुली देतो. साडेचार महिने माझ्या गाडीला प्रेशर हॉर्न होता. अमरावती रोडवर ट्रकवाले ऐकत नाहीत, हे कारण मी घरी सांगितलं होतं. कार डेकोरवाल्यानं पाऊण तासात बसवून दिला. जाळीमागे दोन लाल भोंगे, बॅटरीशेजारी मुठीएवढा कॉम्प्रेसर, एक रिले आणि स्टेअरिंगखाली एक छोटं बटण. वर केलं की भोंगा, खाली केलं की कंपनीचा हॉर्न. "पोलीस दिसले का खाली करून टाकजा भाऊ," एवढंच त्याचं ट्रेनिंग. खोक्यावर 150 डेसिबल छापलेलं होतं. खोक्यावरच्या आकड्यावर कोण विश्वास ठेवतो म्हणा, पण कंपनीच्या हॉर्नला 7 मीटरवर 112 ची कमाल मर्यादा आहे, आणि डेसिबल 3 नं वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. हे तेव्हा कळलं असतं तरी मी तो बसवलाच असता.

काढला तो नागपूरच्या धंतोलीतल्या एका प्रसंगामुळे. दुपारी दीडची वेळ, दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्या, मधून जेमतेम एक कार जाईल एवढी वाट. एका दवाखान्यातून एक आजोबा एक्स-रेचं मोठं पाकीट छातीशी धरून उतरले आणि रस्त्यात आले. बटण वरच होतं. मी सवयीनं हॉर्न दाबला. माझी समजूत होती की ते बाजूला होतील. ते झाले नाहीत. पाकीट खाली पडलं आणि दोन्ही हात कानांवर ठेवून ते गाडीसमोर जागच्या जागी उभे राहिले. आवाज कुठल्या बाजूनं आला हेच त्यांना कळलं नव्हतं. मला शेवटी ब्रेकच मारावा लागला. तो आधीच मारता आला असता.

नंतर नियम वाचले, आणि तिथे कमतरता काहीच नाही. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 119 वा नियम कर्कश, दचकवणाऱ्या आणि एकामागून एक सूर बदलणाऱ्या हॉर्नला मनाई करतो. आवाजाच्या मानकांचा भंग केला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर 10 हजारांपर्यंत दंड, 3 महिन्यांपर्यंत कैद. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र. धंतोली-रामदासपेठेत दवाखान्यांभोवती ही वर्तुळं काढायला बसलं तर मोकळी गल्ली सापडायची नाही. आणि हे सगळं त्या गावात, जिथे वर्धा रोडवर नीरीसारखी पर्यावरण संशोधन संस्था आहे.

मग माझा हॉर्न साडेचार महिने सुखात कसा वाजला? कारण तो दिसत नाही. बुलेटचा फटाके फोडणारा सायलेन्सर डोळ्यांना दिसतो, म्हणून तो जप्त होतो आणि त्याच्यावर रोडरोलर फिरल्याचे फोटो पेपरात येतात. भोंगा जाळीमागे लपतो आणि चौकात पोलीस दिसला की बटण खाली जातं. ट्रक-बसला ठरावीक काळानं फिटनेस तपासणीला जावं लागतं. माझ्या खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, तोवर तिचा हॉर्न कुणी सरकारी माणूस वाजवून पाहणार नाही.

वर्षातून एकदा गाडी जाते ती पीयूसीला. भोंगा असतानाच माझी पीयूसी झाली. पोरानं सायलेन्सरमध्ये नळी घातली, नंबर प्लेटचा फोटो काढला, कागद हातात दिला. निघताना मी मुद्दाम हॉर्न वाजवला. तो हसून म्हणाला, "लय भारी आहे काका!" सर्टिफिकेट 12 महिन्यांचं मिळालं.

माझं मागणं याच जागेपुरतं आहे. धूर मोजतो त्याच माणसाच्या हाती आवाज मोजायचं यंत्र द्या. त्याला बॉनेट उघडायला लावा, कारण बटण खाली करून लोक तिथेही फसवतील. मी फसवलं असतं. जाळीमागे भोंगा दिसला तर सर्टिफिकेट अडवा. आणि विकणाऱ्याचंही बघा. दंडाची पावती फाडली तर गाडीमालकाच्या नावानं फाटते. ज्यानं तो बसवला, पोलिसांपासून लपवायची युक्तीही शिकवली, त्याच्या काउंटरवर भोंगे उघड टांगलेले असतात.

2021 मध्ये आपण हॉर्नमधून बासरी, तबला, व्हायोलिनचे सूर यावेत असं बोलला होतात. लोक हसले, मला कल्पना आवडली होती. फक्त बासरीसुद्धा याच कॉम्प्रेसरवर वाजणार असेल, तर आजोबांचं पाकीट पडायचंच.

माझे भोंगे आता माळ्यावर आहेत. काढायचे 300 रुपये त्याच दुकानदारानं घेतले आणि "काऊन काढता भाऊ, चांगला तर वाजते," असंही वर विचारलं. स्टेअरिंगखालचं बटण तेवढं राहिलंय, वायर नसलेलं. रिंग रोडला कुणी आडवा आला की अजून अंगठा तिकडे जातो.

आपला,
एमएच-49 चा एक गाडीवाला, नागपूर