काकू, तुम्ही दिलेल्या अ‍ॅस्टरबद्दल

प्रिय काकू,
सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही ‘पुरे गं’ म्हणून चहाचं आधण ठेवायला उठता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. यंदा नवरात्रात आमच्या घटाला परसातल्या फुलांची माळ चढली, आणि ती तुमच्यामुळे.

आमच्याकडे नगर भागात घटाला कारळ्याच्या पिवळ्या फुलांची माळ असते. न्यू जर्सीत कारळा कुठून आणायचा? निदान शेवंती तरी असावी, एवढीच इच्छा होती. सप्टेंबर लागला की इथे किराणा दुकानाच्या दारातसुद्धा शेवंतीच्या फुललेल्या कुंड्या रचलेल्या असतात आणि वर ‘हार्डी’, म्हणजे थंडीत तगणारी, अशी चिठ्ठी. नर्सरीत मी स्पष्ट विचारलं होतं, पुढच्या वर्षी परत येईल ना? हो म्हणाले. वसंतात हाती आल्या नुसत्या काटक्या. पुढच्या वर्षीही तेच. तक्रार घेऊन गेले तर काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, सगळे दरवर्षी नवीनच घेतात. ऐन फुलोऱ्यात जमिनीत लावलेलं रोप थंडीच्या आत मूळ धरत नाही, वसंतात लावलं तर तगण्याची शक्यता जास्त, हे एका वाक्यात सांगता आलं असतं. पण मग कुंड्या खपल्या नसत्या! त्याचा राग मला अजून आहे. इकडे आई दरवर्षी फोनवर विचारायची, ‘माळ कशाची घातलीस?’ आणि मी विषय बदलायचे.

तुम्ही मात्र ऐकलंत आणि फावडं घेऊन आपल्याच वाफ्याकडे गेलात. न्यू इंग्लंड अ‍ॅस्टर, इथल्या मातीतलंच झाड, शेवंतीच्याच कुळातलं. उणे 30 अंश सेल्सिअसची थंडी सोसतं आणि सगळी बाग थकलेली असताना ऑगस्टच्या शेवटी फुलायला लागतं. ठोंब जुना झाला की मधला भाग विरळ होतो, खरा जोम कडेच्या फुटव्यांत असतो. तुम्ही ती कड मला दिलीत आणि मधलं जुनं स्वतःच्या वाफ्यात परत पुरलंत. माणसं सहसा उलटं करतात.

पण सगळ्यात जास्त लक्षात राहिला तो पुढच्या वर्षीचा एप्रिल. अ‍ॅस्टरची सुकलेली, करड्या रंगाची खोडं पाहून मी मनातून ते झाड सोडून दिलं होतं. तुम्ही आलात, बर्फ वितळून झालेल्या चिखलात चक्क गुडघे टेकलेत, हातमोजा काढलात आणि कुजलेली पानं अंगठ्याने हळूच बाजूला केलीत. खोडाच्या बुडाशी जांभळट हिरवे कोंब, तांदळाच्या दाण्याहून जरासे मोठे. तुम्ही माझं बोट धरून त्यावर टेकवलंत. ‘सांगितलं होतं ना’ असं म्हणाला नाहीत. गुडघ्यावरचा चिखल झटकलात आणि घरी गेलात. मी तिथेच बसून रडले, हे तुम्हाला आज कळतंय.

जूनमध्ये शेंडे खुडायला लावलेत तेव्हा हात कापत होते माझे. पण आई शेवंतीचे खुडायची तसेच खुडले. झाड बसकं आणि भरगच्च झालं. बुडाची पानं भुरीच्या पांढऱ्या बुरशीने गेली खरी, त्याचं काही नाही. सप्टेंबरात जांभळी फुलं, मधोमध पिवळीधमक, आणि त्यांवर मेक्सिकोच्या वाटेवरची मोनार्क फुलपाखरं! संध्याकाळी पाकळ्या मिटतात, म्हणून माळ सकाळी ओवली. आईला व्हिडिओवर दाखवली तर तिने आधी तुमचं नाव विचारलं.

काकू, पंचविशी-तिशीत इथे आलेल्या आमच्यासारख्यांना सल्ले देणारे पुष्कळ भेटतात. स्वतःचा वाफा उकरून देणारं माणूस क्वचित भेटतं, आणि भेटलं तर त्याचं नाव घरात देवाच्या वेळी निघतं, जसं आता आमच्याकडे तुमचं निघतं.

येत्या वसंतात थोडे फुटवे काढायचे आहेत. कोपऱ्यावरच्या घरात नव्याने आलेल्या पुण्याच्या मुलीने अ‍ॅस्टर मागितलंय. कड तिला देणार आहे. फावडं कुठे घालायचं ते दाखवायला तुम्ही या. खणायचं काम मी करते, तुमचे गुडघे आता चिखलात नकोत.

तुमची,
मागच्या रस्त्यावरची