केपटाऊन ते सेंट हेलेना, आम्ही दोघं

प्रिय मित्रा,

व्हॉट्सअ‍ॅपवर तू नुसतं "कसं झालं रे?" विचारलंस, त्याला एक अंगठा पाठवून भागणार नव्हतं. आज कोथरूडला दुपारपासून पाऊस आहे, कुठे जायचं नाही, म्हणून निवांत लिहितोय.

आधी तुझ्या डोक्यातलं ते नवरा-बायको, शिडाची बोट, सूर्यास्त वगैरे चित्र पुसून टाक. लेका, अडतीस फुटांच्या बोटीत दोघंच होतो आणि धड भेटतच नव्हतो! तीन-तीन तासांच्या पाळ्या, ती वर तेव्हा मी खाली झोपलेला, मी वर तेव्हा ती. पाळी बदलताना जी दोन मिनिटं मिळायची त्यात बोलणं काय, तर "वारा पंचवीस नॉट, उजवीकडे लांब एक जहाज आहे, खिचडी कुकरमध्ये आहे, हार्नेस अडकव." (हार्नेस म्हणजे आपल्याला बोटीला बांधून ठेवणारा पट्टा.) लग्नाला एवढी वर्षं झाली पण इतकं मुद्द्याचं आम्ही आधी कधी बोललो नव्हतो.

केपटाऊनहून सेंट हेलेना, म्हणजे दक्षिण अटलांटिकमधलं एक एकटं बेट, साधारण 1700 सागरी मैल, म्हणजे तीन हजार किलोमीटरच्या वर. जायचं वायव्येला आणि वारा आग्नेयेचा, पाठीमागून, त्यामुळे नकाशावर एकदम सोपं वाटतं. पण सुरुवातीलाच आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने वाहणाऱ्या बेंग्वेला प्रवाहाचं थंडगार पाणी, धुकं, अंगावर स्वेटरवर स्वेटर, आणि लाटा दोन दिशांनी. दक्षिणेकडे खूप लांब कुठेतरी वादळं चालू असतात, तिथून निघालेल्या मोठ्या लाटा नैऋत्येकडून येतात, आणि आपल्याच वाऱ्याने उठलेल्या आग्नेयेकडून, त्या एकमेकींना कापतात आणि बोट मधल्यामधे लोळते, डावीकडे उजवीकडे, रात्रंदिवस, चहाचा कप खाली म्हणून ठेवता येत नाही. हिला काही झालं नाही, मला मात्र सणसणीत बोट लागली. आलेपाक चघळत, बादली मांडीत धरून पाळी करायचो, कारण मी आडवा झालो तर तिला सलग सहा तास बसावं लागणार.

एका रात्री वारा पस्तीसच्या वर गेला. अंधार पडायच्या आत शीड कमी करून ठेवायचं हा नियम, तो पाळलाच होता, तरी अजून एक टप्पा उतरवायची वेळ आली. म्हणजे कुणीतरी डोलकाठीपाशी जायचं. ही गेली, कारण दोऱ्यांमध्ये तिचे हात माझ्यापेक्षा भरभर चालतात, आणि मी सुकाणूवर. तिच्या कपाळावरच्या टॉर्चच्या उजेडात मला फक्त तिचा उजवा हात आणि ओला दोर दिसत होता, ओढ, अडकव, परत ओढ, मधेच एक लाट डेकवरून धुवून गेली की हात दिसायचाच नाही. ओरडलेलं काही ऐकू येत नाही म्हणून खुणा आधीच ठरलेल्या, हात सरळ वर म्हणजे काम झालं. झालं एकदाचं. रांगत कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या जागेत आली, पट्टा अडकवला आणि पहिलं वाक्य काय, तर "गॅस बंद केलास ना?"

आता कुकरचं सांगतोच. बोटीवर दुसरं काहीही न्यायला विसर पण कुकर ने. शेगडी बिजागरीवर टांगलेली असते, बोट कलली तरी ती सरळ राहते, पण त्याच्यावर साधं पातेलं ठेवलंस तर गेलं. कुकरचं झाकण लागलेलं, त्यामुळे जमिनीवर गडगडत गेला तरी खिचडी आतल्या आत.

पुढे पाणी कोमट होत गेलं, स्वेटर निघाले, सकाळी डेकवर उडते मासे पडलेले सापडायला लागले. मग बेट. आधी ढगच दिसतो, त्याच्याखाली काळे उभे कडे, झाड म्हणून नाही. हिरवळ सगळी आत, वर. जेम्सटाऊनसमोर बोट बांधायची आणि छोट्या फेरी बोटीने धक्क्यावर जायचं, तिथे वरून दोर लोंबत असतात, लाटेनं बोट वर उचलली की त्याच क्षणी दोर धरून पायरीवर उडी. एवढा समुद्र पार करून आलो आणि खरी भीती मला तिथे वाटली, हस.

बेट जेमतेम 122 चौरस किलोमीटर, वस्ती साधारण साडेचार हजार. नियमित विमान 2017 मध्ये सुरू झालं, तोपर्यंत जहाजाशिवाय सोय नव्हती. नेपोलियनचं लाँगवुडचं घर पाहिलं, 1821 ला तिथेच गेला तो. पण मला जास्त मजा कशाची वाटली माहितीये? आपल्या असईच्या लढाईवाला वेलस्ली हिंदुस्थानातून घरी जाताना 1805 ला याच बेटावर थांबला होता, आणि दहा वर्षांनी वॉटर्लूला त्याच्याकडून हरलेला नेपोलियन तिथेच आणून ठेवला. हे मी हिला इतक्यांदा सांगितलं की शेवटी ती एकटीच जेकब्ज लॅडरच्या 699 पायऱ्या चढून आली. मी खाली कॉफी घेत बसलो, जमीन अजून हलत होती माझी.

तिथून पुढे ब्राझीलपर्यंतचं टाईप करायचा कंटाळा आलाय, ते समोरासमोर. दिवाळीत पुण्याला ये, वहिनींनाही आण, हिला त्यांच्याशी बोलायचंय. आणि येताना माझी ती निळी सॅक परत आण, दोन वर्षं तुझ्याकडेच आहे.

तुझाच,
मी