गोधडी शिबिराला कापड कापूनच जावे

महोदय,

मैत्रिणींनी वर्षातून एकदा तीन-चार दिवस एकत्र जमून गोधड्या शिवायच्या, हे चांगलेच. पण अनेकींचा पहिला दिवस कापड कापण्यातच जातो. कापड धुऊन, इस्त्री करून, तुकडे कापून, गटवार पिशव्यांत भरून न्यावे. गडद लाल-निळे कापड न धुता वापरले, तर त्याचा रंग पुढे पांढऱ्यावर उतरू शकतो.

खरा घोळ होतो तो कापडाच्या कडेपासून पाव इंच सोडून घालायच्या शिलाईत. एकाच गोधडीचे चौकोन वेगवेगळ्या मशीनवर शिवले जातात आणि शेवटी ओळी जुळत नाहीत. शिलाई 1/16 इंच आत सरकली, तरी प्रत्येक जोडात दोन्ही तुकड्यांचा मिळून 1/8 इंच जातो. आठ जोडांत पूर्ण इंच! म्हणून प्रत्येकीने आधी दीड इंची तीन पट्ट्या जोडून, इस्त्री करून मोजाव्यात. मधली पट्टी बरोबर 1 इंच भरली पाहिजे. नाही भरली तर सुई सरकवावी किंवा मशीनवर चिकटपट्टीची खूण करावी. इस्त्री दाबून उचलावी, घासू नये. तिरपे कापलेले तुकडे लगेच ताणले जातात.

जागा ठरवताना विजेचेही विचारावे. घरगुती मशीनला साधारण 100 वॅट पुरतात, इस्त्रीला हजार किंवा त्याहून जास्त. दोन इस्त्र्या एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावल्या की बोर्ड तापतो, फ्यूजही उडू शकतो.

अस्तर आणि मधला कापसाचा थर वरच्या जोडलेल्या कापडापेक्षा चारही बाजूंनी 3-4 इंच जादा ठेवावा. तीन थर एकत्र टाचण्याचे काम मात्र शिबिरासाठीच राखावे. त्याला मोठे टेबल आणि ताणून धरणारे जादा हात लागतात.

– एक वाचक