अचानक तोल जाणे हेही पक्षाघाताचे लक्षण

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

तोंड वाकडे होणे, एक हात उचलता न येणे आणि बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची (स्ट्रोकची) तीन लक्षणे आता बहुतेक वाचकांना तोंडपाठ आहेत, आणि याचे श्रेय वृत्तपत्रांना द्यायलाच हवे. परंतु लहान मेंदूचा, म्हणजेच अनुमस्तिष्काचा, रक्तपुरवठा अचानक तुटला तर यांपैकी एकही लक्षण दिसेलच असे नाही. रुग्णाला गरगरते, उलट्या होतात, उभे राहताच तो एका बाजूला कलतो. हातापायांतली ताकद मात्र शाबूत असते. त्यामुळे घरात पित्ताची किंवा मानेच्या दुखण्याची चर्चा होते, लिंबू-सरबत दिले जाते आणि मोलाचे तास निघून जातात.

डोक्याच्या मागच्या भागात, मस्तिष्कस्तंभाच्या (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठाच्या) पाठीशी असलेला हा अवयव आकारमानाने संपूर्ण मेंदूच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढाच असतो. पण माणसाच्या मेंदूतील अंदाजे ८६ अब्ज चेतापेशींपैकी जवळजवळ ६९ अब्ज एकट्या त्याच्यात असतात. यान पुरकिन्ये या चेक शास्त्रज्ञाने १८३७ साली वर्णन केलेल्या मोठ्या पेशी त्याच्या सालीत, म्हणजे बाहेरच्या थरात, एका ओळीत मांडलेल्या असतात. अशा एकेका पेशीकडे लाखभर तंतूंतून संदेश येतात आणि सालीतून बाहेर जाणारा निर्णय केवळ याच पेशी देतात.

हालचालीचा हुकूम मोठा मेंदू सोडतो. ठरवलेली हालचाल आणि प्रत्यक्ष होत असलेली हालचाल यांतला फरक क्षणोक्षणी दुरुस्त करण्याचे काम लहान मेंदूचे. ती दुरुस्ती थांबली की काय होते, हे रुग्णाला स्वतःच्या नाकाला आणि समोरच्या बोटाला आळीपाळीने स्पर्श करायला सांगितले की दिसते: हात निघतो बरोबर, पण लक्ष्य जवळ येईल तसा अधिकाधिक थरथरतो आणि बाजूला किंवा पुढे निसटतो. लहान मेंदूचा मधला अरुंद पट्टा बिघडला तर हात ठीक चालतात, पण शरीराचे धड सावरता येत नाही. मद्याचा परिणामही याच अवयवावर होत असल्याने अशा रुग्णाला ‘प्यायलाय’ म्हणून बाजूला बसवले जाते, याचे फार वाईट वाटते.

आणखी एक धोका आहे. कवटीच्या या मागच्या कप्प्यात जागा फार थोडी असते. इजा झालेला भाग पुढच्या काही दिवसांत सुजला, तर मेंदूतील पाण्याची वाट अडते, मस्तिष्कस्तंभावर दाब येतो आणि चालत-बोलत आलेला रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो. सुरुवातीच्या सीटी स्कॅनमध्ये इथला रक्तपुरवठा खंडित झाल्याचे अनेकदा दिसत नाही. एमआरआय त्याहून पुष्कळ अधिक भरवशाचा. म्हणूनच केवळ सीटी ‘नॉर्मल’ आला म्हणून, आधाराशिवाय चालू न शकणाऱ्या माणसाला घरी नेऊ नये.

प्रत्येक चक्कर म्हणजे पक्षाघात नव्हे. बहुतेक वेळा कारण कानातच असते. पण चक्कर अचानक आली, सोबत तोल गेला, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या किंवा डोक्याच्या मागे तीव्र वेदना सुरू झाली, तर तातडीने रुग्णालय गाठावे. रक्तपुरवठा अडवणारी गुठळी विरघळवणारे औषध सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

२९ ऑक्टोबरच्या जागतिक पक्षाघात दिनी आपण लक्षणांची चौकट छापाल, तेव्हा तीत ‘अचानक तोल जाणे’ आणि ‘अचानक दृष्टीत बिघाड होणे’ या दोन ओळी ठळक अक्षरांत घालाव्यात, ही विनंती.

आपला,
शरीरक्रियाशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक