केंद्राचा पत्ता पहिल्या बारा अंकांत

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

अमेरिकेत आसपासची विमाने आणि हवामान यांची माहिती वैमानिकांना जमिनीवरून पाठवणारी एडीएस-बी (विमानांनी आपले स्थान रेडिओवरून कळवण्याची व्यवस्था) केंद्रे देशभर आहेत. त्यांचे नकाशे हौशी मंडळी करतात, हे चांगलेच. पण ‘सिग्नल जोरदार, तिथेच केंद्र’ अशा अंदाजाने मारलेली टिंबे पाहिली की वाईट वाटते. अंदाजाची गरजच नाही. ९७८ मेगाहर्ट्झवर केंद्र आपले अक्षांश-रेखांश स्वतःच सांगत असते.

आरटीएल-एसडीआर (संगणकाला जोडायचा स्वस्त रेडिओ रिसीव्हर), डम्प९७८ (९७८ चे संदेश उलगडणारा प्रोग्रॅम) आणि साडेसात सेंटिमीटरची साधी उभी अँटेना एवढ्यावर भागते. १०९० मेगाहर्ट्झ या विमानांच्या दुसऱ्या वारंवारतेची अँटेनाही चालून जाते, मात्र १०९० चा अरुंद फिल्टर काढा; तो ९७८ अडवतो. ९३० च्या आसपास पेजरचा जोरदार ट्रान्समीटर जवळ असेल तर रिसीव्हर त्यानेच भरून जातो. अशा वेळी गेन (रिसीव्हरचे सिग्नल-वर्धन) वाढवू नका, उलट उतरवा आणि ९७८ चा फिल्टर लावा.

आता डम्प९७८ ने दिलेल्या ओळींतून ‘+’ ने सुरू होणाऱ्या, म्हणजे केंद्राच्या संदेशांच्या, ओळी वेगळ्या काढा. प्रत्येकीत ४३२ बाइट, म्हणजे ८६४ हेक्स (सोळा-आधारी) अंक असतात. पहिल्या १२ अंकांत ४८ बिट: २३ अक्षांशाचे, २४ रेखांशाचे आणि शेवटचा एक ‘स्थान ग्राह्य आहे’ या खुणेचा (१ म्हणजे ग्राह्य). म्हणूनच बारावा अंक सम निघाला तर ती ओळ सोडून द्यावी. अक्षांश-रेखांशाच्या बिटांचे दशमान आकडे करा, ते ३६० ने गुणून १,६७,७७,२१६ ने भागा; रेखांश १८० पलीकडे गेला तर त्यातून ३६० वजा करा. ही वजाबाकी राहिली की टेक्सासमधल्या केंद्राला २६० अंश असा अशक्य रेखांश मिळतो. नीट केले तर अक्षांशाची एक पायरी जेमतेम अडीच मीटरची.

सर्वाधिक घोळ होतो तो स्लॉट क्रमांकाला केंद्राचा क्रमांक समजल्याने. सेकंदाच्या सुरुवातीला ५.५ मिलिसेकंदांचे ३२ स्लॉट (केंद्रांनी संदेश पाठवायच्या वेळा) असतात आणि केंद्राची पाळी दर सेकंदाला एका स्लॉटने सरकते. मग एकाच केंद्राची बत्तीस केंद्रे मोजली जातात. टीआयएस-बी (केंद्राने आसपासच्या विमानांची माहिती पाठवण्याची सेवा) साइट क्रमांक तर चारच बिटांचा, तो देशभर पुन्हा पुन्हा येणारच. ओळख धरायची ती त्या बारा अंकांची.

टीआयएस-बीच्या ‘-’ ओळी केंद्रानेच पाठवलेल्या असल्या, तरी त्यातले स्थान विमानाचे असते. १०९० वरच्या टीआयएस-बी संदेशांचेही तेच. तिथून केंद्र शोधू नये.

आणि ऐकू न आलेले केंद्र ‘नाही’ म्हणून खोडू नका. या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, मधली टेकडीही पुरते. टिंबाशेजारी अँटेनाची उंची आणि शेवटचा संदेश आला ती तारीख लिहा.

– एक वाचक