सेवा घेणाऱ्याचा मान

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आईच्या अखेरच्या आजारपणात दोन महिने मी रुग्णालयात होतो. त्या काळात फळे वाटायला निरनिराळी मंडळी तीन-चारदा येऊन गेली. त्यांचा हेतू चांगलाच होता; पण छायाचित्रासाठी आईला उठून बसायला सांगितले, तेव्हा तिने चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. ते मी विसरू शकलेलो नाही.

त्याच वॉर्डात एक निवृत्त गृहस्थ दर गुरुवारी येत. रुग्णाची बोटे कोमट पाण्यात भिजवायची, नखे मऊ झाली की बेताने कापायची आणि हात कोरडा पुसायचा, एवढेच त्यांचे काम. आधी ‘कापू का?’ असे विचारत. कोणी नको म्हटले, तर नमस्कार करून पुढच्या खाटेकडे वळत. त्यांच्या खिशातली जपमाळ एकदा मला दिसली, पण देवाधर्माविषयी ते कधी बोलले नाहीत. मला वाटते, श्रद्धेची खरी गरज इथेच लागते: पहिल्या दिवशीच्या उत्साहासाठी नव्हे, तर कोणी आभार मानत नसताना, प्रसंगी रुग्ण खेकसत असतानाही शंभराव्या गुरुवारी पुन्हा जाण्यासाठी.

गाडगे महाराज रात्री कीर्तनाला उभे राहत, ते दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडल्यानंतर. तो क्रम त्यांनी आयुष्यभर पाळला. हवाईमधील मोलोकाई बेटावरील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत १८७३ साली गेलेले बेल्जियमचे ख्रिस्ती धर्मगुरू फादर डेमियन जखमा धूत, घरे बांधत, मृतांसाठी शवपेट्याही स्वतः तयार करत आणि प्रवचनात ‘आपण कुष्ठरोगी’ असे म्हणत. सोळा वर्षांनी त्याच रोगाने ते गेले. पंथ निराळे असले तरी या दोघांनीही समोरच्याला उपकाराच्या ओझ्याखाली वाकायला लावले नाही, आणि मला तेच सर्वांत मोठे वाटते.

सेवाभावी मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे की, वर्षातून एकदा मोठा समारंभ करण्याऐवजी आठवड्याचा एक तास ठरवून घ्यावा, तो चुकवू नये आणि मदत करण्यापूर्वी ती हवी आहे का, हे विचारावे. आपल्या वृत्तपत्रानेही मदत घेणाऱ्याचा चेहरा त्याच्या संमतीशिवाय छापू नये, ही नम्र विनंती.

आपला,
एक वाचक