कॅराव्हॅनला रात्रीचा मुक्काम द्या

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतला कॅराव्हॅन (आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी) पर्यटनावरचा लेख वाचला. 'रात्री गाडी चालवा, मुलं मागे पलंगावर झोपतील आणि उठतील ती थेट समुद्रावर' असा सल्ला त्यात आहे. मी एसटीत चालक होतो आणि नोकरीतली बरीच वर्षं रातराणीवर काढली. हा सल्ला कोणी मनावर घेऊ नये, म्हणून लिहितो आहे.

तो पलंग गाडी उभी असताना झोपायला आहे. चालत्या गाडीत ब्रेक करकचून लागला, तर झोपलेलं पोर पुढे फेकलं जातं. गाडी चालू असेपर्यंत सगळ्यांनी सीटवर, पट्टा लावूनच बसायला हवं. मग रात्री निघून झोप कुणाची होणार?

दुसरी गोष्ट उजेडाची. या गाड्यांत पाण्याची टाकी, फ्रिज, बॅटऱ्या, सामान. १०० लिटर पाणी म्हणजेच १०० किलो. हे वजन मागच्या चाकांवर आलं की गाडीचं नाक वर उचलतं आणि डिपरवर, म्हणजे खाली झुकवलेल्या झोतावर, असलेला लाईटही समोरच्याच्या डोळ्यांत जातो. तो चिडून अप्पर, म्हणजे लांबचा झोत, मारतो, तुम्ही उलट मारता, आणि दोघंही आंधळे. बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांची छोटी चकती असते. ओझं वाढलं की ती मोठ्या आकड्याकडे फिरवायची, म्हणजे झोत खाली येतो. भाड्याने गाडी घेणाऱ्यांपैकी किती जणांना ही चकती दाखवतात, देव जाणे.

झोत नीट लावला तरी डिपरवर पुढचं दिसतं ते जेमतेम ४०-५० मीटर. ताशी ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच निम्मं अंतर संपलेलं असतं, पुढे भरलेली गाडी थांबायची ती वेगळीच. आमच्याकडे उसाचा हंगाम सुरू झाला की मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर अशा दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर असतात. त्यांना दंड करावा तितका थोडा, पण अंधारात ट्रॉली आपल्यालाच चुकवायची असते. ५० च्या पुढे काटा जाऊ देऊ नये.

मागे दिवा लावून पत्ते खेळत बसणारी मंडळीही असतात. त्या दिव्याचं प्रतिबिंब पुढच्या काचेत पडतं आणि रस्ता पुसट होतो. चालकामागे जाड पडदा हवाच. गॅस सिलिंडर निघण्यापूर्वी बंद करावा. आणि बाहेर पडायची दुसरी वाट कुठे आहे, ते सगळ्यांना आधीच दाखवून ठेवावं. १ जुलै २०२३ च्या रात्री समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ खासगी बस दाराच्या बाजूवर उलटून पेटली आणि २५ जण गेले. कॅराव्हॅनलाही मागच्या भागाला बहुधा एकच दार असतं.

घाटाबद्दल लिहायला बसलो तर पत्र पुरणार नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, नुसत्या ब्रेकवर नाही. पावसाळ्यात कुंभार्लीला धुकं उतरलं की अप्पर लावून उपयोग नसतो, उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. आणि पहाटे दोन ते पाच हा वेळ कितीही चहा प्या, झोपेचाच.

यावर लोक म्हणतील, मग थांबायचं कुठे? प्रश्न रास्त आहे. सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन धोरण आणलं, त्यात कॅराव्हॅन पार्कही होते. पण रात्री नऊ वाजता घाटाच्या तोंडाशी आलेल्या कुटुंबाला पेट्रोल पंप किंवा ढाब्याचं आवार, एवढाच आधार दिसतो. एसटीची राज्यभरात अडीचशेच्या आसपास आगारं आहेत. तिथे रात्रभर माणसांचा वावर असतो, दिवे असतात, पाणी असतं (स्वच्छतागृहांबद्दल मी न बोललेलं बरं). आमच्या वस्तीच्या गाड्या गावोगाव मुक्काम करतच आल्या आहेत. बसच्या वाटेत येणार नाही अशा कोपऱ्यात चार-पाच कॅराव्हॅनना रीतसर पावती फाडून रात्री जागा द्यायला काय हरकत आहे? कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्लीच्या अलीकडे पाटणचं आगार लागतं. पर्यटन खातं आणि महामंडळाने येत्या दिवाळीच्या सुट्टीत तिथूनच सुरुवात करून पाहावी.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक, कराड